छप्पर कशाचे आहे, हे विचारले का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



जुने घर विकत घ्यायचे ठरले, की आपण काय काय तपासतो? वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतो. सिटी सर्व्हेचा उतारा, घरपट्टीची पावती, वारसांच्या सह्या, बँकेचा बोजा, सगळे बारकाईने पाहतो. दरवाजा कोणत्या दिशेला आहे आणि नळाला पाणी किती वाजता येते, हेही विचारतो. मी नाशकात बरीच वर्षे घरांच्या मूल्यांकनाचे काम करतो आहे. छप्पर कशाचे आहे, हे विचारणारा ग्राहक मात्र मला क्वचितच भेटला. ‘पत्र्याचे आहे’ एवढ्यावर काम भागते. कोणता पत्रा, हा प्रश्न राहून जातो. आज त्या प्रश्नाविषयी बोलायचे आहे.

आपण ज्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो, त्यात सिमेंटबरोबर अ‍ॅस्बेस्टॉस या खनिजाचे तंतू मिसळलेले असतात. साधारण आठ-दहा टक्के. लोखंडी सळयांनी स्लॅबला जे बळ मिळते, ते या तंतूंनी पत्र्याला मिळते. हा पत्रा गंजत नाही, जळत नाही, स्वस्त पडतो. त्यामुळे कौले काढून लोकांनी तो आनंदाने घातला. हा माल आपल्याला परकाही नाही. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या एव्हरेस्ट कंपनीचा एक कारखाना आपल्याच दिंडोरी तालुक्यात, लखमापूरला आहे.

पंचवटीतल्या वाड्याची मागची पडवी, सातपूर-अंबडकडची बैठी घरे, सिडकोच्या घरांवर मागाहून चढवलेली गच्चीवरची खोली, नाशिकरोड-देवळालीकडच्या बंगल्यांमागचे गॅरेज, मळ्यातली कांद्याची वा अवजारांची शेड, असे कुठेही हे पत्रे आढळू शकतात. जुने राखाडी पावसाळी पाइप, संडासाचा व्हेंट पाइप, माळ्यावरची सिमेंटची टाकी आणि काही ठिकाणी छतालगतचे सपाट बोर्डही याच मालाचे असतात.

परदेशात घर बांधल्याचे साल पाहून बराच अंदाज बांधता येतो. ब्रिटनने निळ्या व तपकिरी अ‍ॅस्बेस्टॉसवर १९८५ मध्ये आणि पांढऱ्यावर १९९९ मध्ये बंदी घातली. म्हणून तिथे २००० पूर्वीच्या घराकडे संशयाने पाहतात. ऑस्ट्रेलियात २००३ च्या अखेरीस संपूर्ण बंदी आली. अमेरिकेनेही २०२४ मध्ये पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी जाहीर केली. आपल्याकडे खाणींसाठी नवे पट्टे देणे १९८६ मध्ये थांबले, पण बाहेरून अ‍ॅस्बेस्टॉस आणून त्याचे पत्रे बनवणे आणि विकणे आजही कायदेशीर आहे. तेव्हा इथे सालावरून काहीच ठरत नाही. साठ वर्षांच्या वाड्यावर पत्रा असेल, तसा पाच वर्षांपूर्वीच्या शेडवरही असू शकेल. उलट अ‍ॅस्बेस्टॉसविरहित सिमेंट पत्रेही आता बाजारात आहेत. ते नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत.

मग भीती कसली? पत्रा शाबूत असेल, तर तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. अशा छपराखाली राहणाऱ्याला धोका फार थोडा असतो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ऐकून कोणी आजच झालेला व्यवहार मोडायला निघू नये. धोका सुरू होतो तो पत्रा फोडताना, करवतीने कापताना, ड्रिलने भोक पाडताना, तारेच्या ब्रशने घासताना. डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात, श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जातात आणि तिथेच राहतात. शरीराला ते विरघळवता येत नाहीत. त्यातून फुप्फुसे कडक करणारा अ‍ॅस्बेस्टोसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग होऊ शकतो. धूम्रपान करणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका आणखी कितीतरी वाढतो. पांढऱ्यासह सर्व प्रकारचे अ‍ॅस्बेस्टॉस कर्करोगकारक आहेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

हे आजार बहुधा वीस, तीस, चाळीस वर्षांनी डोके वर काढतात. म्हणूनच १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान चाळीस वर्षे ठेवायला सांगितले. मुंबईतल्या एका कारखान्याच्या १८१ कामगारांची तपासणी झाली, तिचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. पाचांत एकाहून अधिक जणांना अ‍ॅस्बेस्टोसिस झालेला होता. कारखान्यातली धूळ आणि घरातली धूळ यांत फार अंतर आहे, हे खरे. पण घराघरांतले पत्रे फोडत जो हिंडतो, त्या मजुराला रोजच ही धूळ मिळते.

काही वर्षांपूर्वी बँकेच्या कर्जासाठी सातपूरकडचे एक बैठे घर पाहायला गेलो होतो. खरेदीखत झालेले, स्लॅब टाकायचा म्हणून जुने पत्रे उतरवणे चालले होते. उतरवणे कसले, दोन पोरे वरून घणाने फोडत होती. खाली एक बाई कोरडाच चुरा खराट्याने लोटून घमेल्यात भरत होती. शेजारच्या खोलीत साडीच्या झोळीत तिचे मूल निजले होते. मी ठेकेदाराला थांबवले. तो म्हणाला, ‘साहेब, वीस वर्षं हेच करतोय, कुणाला काही झालं नाही.’ मी म्हटले, ‘अरे बाबा, हा आजार बोलायला लागतो तोच मुळी वीस वर्षांनंतर.’ घरमालक तरुण होता, समजूतदार होता. त्याने मूल आधी बाहेर नेववले आणि पाणी मारल्याशिवाय कामाला हात लावू दिला नाही. त्याची एकच तक्रार होती, ‘काका, हे मला घर घेताना कुणी सांगितलं असतं तर!’

ते सांगायचे कोणी? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला दिसणार नाही, तो उघड करणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. आता, छपरावरचा पत्रा उघड दिसतो. तो पाहिला नाही, ही सबब घेणाऱ्याला सांगता येणार नाही. पण पीओपीच्या छताआड दडलेला पत्रा किंवा भिंतीत बुजवलेला पाइप विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे, असे माझे मत आहे. न सांगितल्याने काय होते, ते कॅनबेरात दिसले. तिथे १९६८ ते १९७९ या काळात हजाराहून अधिक घरांच्या माळ्यांवर सुटे अ‍ॅस्बेस्टॉस भरले गेले. मग ते काढण्याची मोहीम झाली, घरे हातोहात विकली गेली, आणि भिंतींच्या पोकळ्यांत तंतू उरल्याचे पुढे कळले. २०१४ पासून सरकारला ही घरे विकत घेऊन पाडण्याची योजना राबवावी लागली.

तेव्हा विसार देण्यापूर्वी एवढे करा. दिवसाउजेडी घर बाहेरून आणि आतून पाहा. पत्रा ठोकून पाहू नका आणि त्यावर पाय तर मुळीच देऊ नका. जुना पत्रा माणसाच्या वजनाने फुटतो आणि माणूस सरळ खाली येतो. पत्र्यावर ‘आयएस ४५९’ असा छाप दिसला, तर तो अ‍ॅस्बेस्टॉसचा समजा. जुनी पावती असेल तर मागून घ्या. छाप नसेल, पावती नसेल, तर तो अ‍ॅस्बेस्टॉसचाच आहे असे धरून चाला, किंवा तुटलेला लहानसा तुकडा पाण्याने भिजवून, दुहेरी पिशवीत बंद करून प्रयोगशाळेत तपासून घ्या. तडे किती, कडा भुगभुगीत झाल्या आहेत का, गारपिटीत फुटून तुकडे माळ्यावर पडले आहेत का, हे पाहा.

मग स्वतःला विचारा, आपण हे छप्पर ठेवणार की काढणार? शाबूत असेल आणि ठेवायचे असेल, तर त्याला हात लावू नका. डिश अँटेनासाठी भोके नकोत, घासून रंगकाम नको. काढायचे असेल, तर नीट काढण्याचा खर्च आधीच विचारून घ्या आणि तो किमतीच्या बोलणीत धरा. पत्रे कोणी आणि कसे काढायचे, हे साठेखतात दोन ओळींत लिहून घ्या.

काढण्याची रीत अवघड नाही. घर रिकामे ठेवा, मुलांना लांब पाठवा. द्राक्षबागेवर फवारणी करायचा पंप नाशकात कुठेही मिळतो. त्याने पत्रे चिंब भिजवा. हूक-बोल्ट कापून पत्रा अख्खा सोडवा, परांचीवरून हातोहात उतरवा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा. चुरा ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका. मजुराला तोंडावरचा रुमाल पुरत नाही. बारीक तंतू अडवणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा पी-१०० फिल्टरचा मास्क त्याला आपण द्यायचा. कामाचे कपडे वेगळे धुवायचे. काढलेले पत्रे भंगारवाल्याला देऊ नका, खड्ड्यात भर म्हणून टाकू नका, कोंबड्यांच्या खुराड्यावरही घालू नका. घातक कचऱ्याची केंद्रे राज्यात तळोजा, रांजणगाव येथे आहेत. आपला माल कुठे न्यायचा, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नाशिक कार्यालयात काम सुरू करण्यापूर्वीच विचारून घ्या.

आणि विकणाऱ्यांनो, आपल्याला ठाऊक असेल ते आपण होऊन सांगा. किंमत थोडी खाली येईल कदाचित. पण घण मारणारा मजूर आणि झोळीतले मूल व्यवहाराच्या बोलणीला बसलेले नसतात. त्यांच्या वतीने बोलणारे तिथे आपण दोघेच असतो, घेणारा आणि विकणारा.