फिरतं चाक आणि बँकेचं घड्याळ

गटाच्या बैठकीत हा प्रश्न नेहमी निघतो: "ताई, पैसे पाठवले, चाक नुसतंच फिरत राहिलं. परत पाठवू का?" त्यासाठी आधी घड्याळाचं थोडं ऐका.

भारताची प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली. तिची रेषा मिर्झापूरजवळून जाते. तिथल्यापेक्षा राजुऱ्यात सूर्य साधारण १२ मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, तरी घड्याळ एकच. मुंबईत मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं ३९ मिनिटं मागे असलेली 'मुंबई वेळ' चालायची. भेट ठरवताना कोणती वेळ, हे विचारावं लागत असेल! आज देशाची वेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवर राखते आणि आपल्या मोबाईलला ती बहुधा टॉवरकडून मिळते.

म्हणजे घड्याळं जुळली. पण निरोप किती वेळात पोचेल, हे नाही जुळत. बल्लारशाची गाडी बघा. धावते जोरात, पण पुढची लाइन रिकामी नसली की स्टेशनाबाहेर उभी राहते. तुमचा निरोपही टॉवर, तुमची बँक, समोरची बँक असा जातो आणि गर्दी असेल तिथे रांगेत थांबतो. किती थांबेल, ते आधी कोणी सांगू शकत नाही. पावसात रेंज गेली की आणखीच.

खरी अडचण पुढेच आहे. उत्तर आलं नाही, तर दोन गोष्टी घडलेल्या असू शकतात. तुमचा निरोप गेलाच नाही, किंवा काम झालं आणि परतीचं उत्तर अडकलं. फिरणाऱ्या चाकावरून हे ओळखता येत नाही. दुसऱ्यांदा पाठवलं तर गटाच्या हप्त्याचे पैसे दोनदा जाऊ शकतात. म्हणून आधी खात्याचा तपशील बघा. 'प्रलंबित' दिसलं तर थांबा. तारीख, वेळ, रक्कम आणि व्यवहार क्रमांक वहीत लिहा. बँकेच्या नोंदीतही वेळ असते, त्यावरून तुमचा व्यवहार सापडतो. नुसतं "परवा दुपारी" म्हटलं तर साहेब शोधणार कुठे?

एटीएममधून नोटा आल्या नाहीत, पण खात्यातून कापल्या गेल्या, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत बँकेनं त्या परत जमा करायच्या. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. हा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. ३० दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी क्रमांक १४४४८.