आपला इतिहास आपल्याच पेटीत
(विहाराच्या वर्धापनदिनी भरविलेल्या प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)





आम्ही काही वक्ते नाही. नांदेडचे मूळ, पोटासाठी लातूरला आलो, आणि तीस वर्षे डाळमिलमध्ये तुरीच्या भुश्यात गेली. शाळा नववीत सुटली. पुढचं जे वाचलं ते रात्रपाळीत, गोडाऊनच्या बल्बखाली, पोत्यावर बसून. तेव्हा बोलण्यात चूक झाली तर पदरात घ्या.

हे प्रदर्शन कसं सुरू झालं ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालू होतं. ऑगस्टची ४ तारीख होती. वाचन संपल्यावर कुणीतरी पोचीराम कांबळेंना अभिवादन केलं. तेव्हा आठवीतली एक पोरगी उठून म्हणाली, "काका, हे पोचीराम कांबळे कोण?" आम्ही इकडेतिकडे पाहिलं. कॉलेजची पोरं खाली बघायला लागली. मग मागून भिंतीला टेकून बसलेली एक आजी बोलायला लागली. १९७८ साली ती नांदेड जिल्ह्यात नवी नवरी होती. २७ जुलैला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला, आणि आठवड्याच्या आत खेड्यापाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. ४ ऑगस्टला टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंना मारलं. ती रात्र ज्वारीच्या रानात, तोंडात पदर कोंबून कशी काढली, लेकराचा आवाज निघू नये म्हणून काय केलं, हे सगळं आजीनं सांगितलं. तासभर कुणी हललं नाही.

आम्ही म्हणालो, आजी, पुढच्या रविवारी येऊन सगळं वहीत लिहून घेतो. त्या रविवारी मिलमध्ये डबल पाळी लागली. त्याच्या पुढच्या रविवारी लग्न निघालं. वर्ष गेलं आणि आजीही गेली. वही कोरीच राहिली. ती वही आज पहिल्याच टेबलावर ठेवली आहे. कोरीच ठेवली आहे. पोरं विचारतात, यात काहीच नाही, मग का ठेवली? त्यांना हेच सांगतो.

तेव्हापासून आम्ही आठ-दहा जण मिळून घरोघर फिरतो. मोठ्या शहरात इतिहासाच्या संस्था असतात, त्यांची इमारत असते, पगारी माणसं असतात. आमच्याकडे विहाराचा एक कोपरा, दोन लोखंडी कपाटं आणि महिला मंडळाच्या भगिनींचे पाय. पाय म्हणतो, कारण घरात शिरून पत्र्याची पेटी उघडायला लावायची हातोटी बायांनाच आहे. आम्ही विचारलं तर उत्तर येतं, "काही नाही हो भाऊ, चिंध्या आहेत." बायांनी विचारलं की त्याच चिंध्यांतून दीक्षेच्या वेळचा फोटो निघतो, मोर्चातल्या अटकेचा कागद निघतो, आमच्या घरच्यासारखा गिरणीचा पितळी बिल्ला निघतो. आमचे वडील नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये होते. निजाम मीर उस्मान अलीच्या नावाची ती गिरण. तिच्या भोंग्यावर आमची सगळी गल्ली उठायची. भोंगा कधीच बंद झाला, पण बिल्ला आहे. वडिलांचा नंबर त्यावर आहे, नाव नाही.

किल्लारीकडच्या घरांत गेलो तेव्हा मात्र हात रिकामे आले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या भिंतींखाली माणसंच गेली, तिथे कागदाचं काय विचारावं? एका माउलीनं नुसता जात्याचा दांडा दिला. तोही आज ठेवला आहे.

वर्षाचा क्रम आता बसला आहे. प्रत्येक ऋतूला आपलं एक काम. वर्षावासात दर रविवारी एक व्याख्यान, आणि तेही शक्यतो आपल्या मुलखावरचं. मागच्या खेपेला सुत्तनिपातातल्या बावरीवर बोलणं झालं. बावरी म्हणजे गोदावरीच्या काठी, अस्सक देशात राहणारा वृद्ध ब्राह्मण. स्वतःला चालवेना म्हणून त्यानं आपले सोळा शिष्य बुद्धाकडे पाठवले. प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण, तिथून माहिष्मती, उज्जैन, विदिशा, कौशांबी, साकेत, श्रावस्ती करीत ते मगधात पोचले आणि प्रश्न विचारून आले. त्याच बावरीच्या नावानं नांदेडजवळ दाभडला बावरीनगर आहे, पौष पौर्णिमेला तिथे धम्म परिषद भरते, आपण दरसाल जातोच. पण नाव कुठून आलं हे आमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं. मुलांनी भिंतीवर लोकरीचा धागा लावून तो रस्ता दाखवला आहे, जाताना बघा.

उन्हाळ्यात पाण्याचं प्रदर्शन. २० मार्च १९२७ चा महाडचा सत्याग्रह आपण दरसाल सांगतो. पण लातूरकरांना पाण्याचं वेगळं सांगायला नको. २०१६ च्या मार्चमध्ये इथे पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन. दोन दिवसांवर बाबासाहेबांची १२५ वी जयंती! त्या साली आपण मिरवणुकीत रंग, पाणी काही उडवलं नाही. तेव्हाच्या रांगेतल्या घागरी, त्यावर रंगानं लिहिलेल्या घरमालकाच्या नावासकट, आपण मांडतो. ही रेल्वे ज्या लाइनीनं आली ती एके काळची बार्शी लाइट रेल्वे, छोट्या गाडीची. याच लाइनीवर कसबे तडवळे आहे. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला तिथे महार-मांग वतनदार परिषद झाली आणि बाबासाहेब आले. ज्या शाळेत त्यांचा मुक्काम झाला ती बघायला आपण सहल नेली होती. आमच्या एका सोबत्यानं उंबऱ्यावर डोकं ठेवलं. आम्ही त्याला म्हणालो, अरे, बाबासाहेबांना हे आवडलं नसतं. तो म्हणाला, "माहीत आहे, पण राहवलं नाही."

हिवाळ्यात तेर. तेर म्हटलं की लोकांना गोरोबाकाका आठवतात, ते बरोबरच आहे. पण त्याच्या किती आधी हे तगर नावाचं मोठं व्यापारी शहर होतं! रोमन काळच्या ग्रीक ग्रंथात त्याचं नाव आहे, तिथला माल भडोच बंदराकडे जायचा. तिथलं विटांचं त्रिविक्रम मंदिर मागून गोल आहे, आणि ते मुळात बौद्ध चैत्य असावं असं अभ्यासक सांगतात. आम्ही मुलांना तिथे एवढंच सांगतो की चपला काढा, शांत राहा, आजही लोक तिथे पूजा करतात. भांडायला आलो नाही, बघायला आलो आहोत. आणि मग संग्रहालय. ते सरकारी आहे, पण नाव रामलिंगप्पा लामतुरे यांचं. हे तेरचेच गृहस्थ. गावच्या पांढरीतून निघालेली मातीची खेळणी, मणी, नाणी, हस्तिदंती बाहुली हे सगळं एका गावकऱ्यानं जमवलं म्हणून राहिलं. आम्हाला त्या बाहुलीपेक्षा या गोष्टीचंच जास्त नवल वाटतं.

आता एक कडू गोष्ट. १९७८ चा तक्ता लावायचा की नाही यावर आपल्यात वाद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. काही ज्येष्ठ म्हणाले, पोरांना त्याच गावात, त्याच लोकांच्या शेतावर, त्यांच्याच पोरांबरोबर शाळेत जायचं आहे. जुनी राख कशाला उकरता? त्यांचं म्हणणं आम्हाला खोटं वाटत नाही. ज्यांचं घर जळालं तेच असं म्हणत होते, ज्यांचं नाही जळालं ते तावातावानं बोलत होते! शेवटी तक्ता लावला. त्यात मारणाऱ्यांची नावं नाहीत. गेलेल्यांची आहेत, आणि ज्या सवर्ण शेजाऱ्यांनी आपल्या माणसांना घरात लपवलं त्या हकिगतीही आहेत. शेजारी १९९३ च्या २५ नोव्हेंबरला नांदेडला स्वतःला जाळून घेणारे गौतम वाघमारे आहेत. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्याच साली १७ सप्टेंबरला नांदेडला वेगळं विद्यापीठ झालं, आणि नांदेड-लातूरची कॉलेजं तिकडे गेली. स्वामी रामानंद तीर्थांबद्दल आम्हाला आदरच आहे. पण ज्या जिल्ह्यानं नावासाठी जीव दिले, तिथल्या पोरांच्या पदवीवर ते नाव येत नाही, एवढं मनात येतंच.

आणि दुसरी चूक तर आमची स्वतःची. हा विहार पहिल्यांदा बांधला तेव्हा बायांनी मूठ-मूठ धान्य काढून पैसा उभा केला. त्या सगळ्यांची नावं आतल्या भिंतीवर काळ्या रंगानं लिहिली होती. कुणाचा एक रुपया, कुणाची पायली ज्वारी. पुढे जीर्णोद्धार निघाला आणि आम्हीच उभं राहून त्या भिंतीवर टाइल्स बसवून घेतल्या. फोटोसुद्धा काढला नाही. फार सुंदर दिसतं म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आज दाराशेजारी जी पाटी आहे, तिच्यावर आठवणीनं जुळवलेली एकेचाळीस नावं आहेत. अजून राहिलेली आहेत. आपल्या आजीचं, सासूचं नाव त्यात नसेल तर रागावू नका, आम्हाला सांगा. पाटीखाली खडू ठेवला आहे, स्वतः लिहिलंत तरी चालेल.

प्रदर्शन पौर्णिमेपर्यंत उघडं राहील, संध्याकाळी वंदनेनंतर नऊपर्यंत. वस्तू देताना चिठ्ठीवर घराचं नाव लिहा, परत मिळेल, आमची जबाबदारी. रविवारी तेरची गाडी सकाळी सहाला विहाराच्या दारातून निघेल. डबा आणि पाणी ज्याचं त्यानं आणायचं. आणि ज्यांच्या घरी सत्तरीच्या पुढची माणसं आहेत त्यांनी आज जाताना आमच्याकडे तारीख देऊन जावं. वही आम्ही आणू.

जयभीम. नमो बुद्धाय.