पेटीचे हप्ते



मुलीसाठी मी पेटी घ्यायला गेलो. "२४,००० रुपयांची पेटी, दरमहा २,००० चे १२ हप्ते, व्याज मुळीच नाही," असे दुकानदार म्हणाला आणि मी हुरळलो. रोखीचा भाव विचारावा, हे सुचलेच नाही. शेजारच्या गिऱ्हाइकाने रोख मोजले. त्याला तीच पेटी २२,००० ला मिळाली! म्हणजे माझे कर्ज २२,००० चे, वरचे २,००० व्याजच. मुद्दल दरमहा घटत जाणार, तेव्हा दर पडला शेकडा दरसाल १६ हून अधिक. (आम्हांला सुरांतली चूक कळते, हिशेबातली नाही!) शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते. मुलीने पाचव्या महिन्यात शिकवणी सोडली. सात हप्ते उरले होते.