दुपटीचा हिशेब

मी गणित शिकलो ते विडी-कामगारांच्या मजुरीचे हिशेब करताना. तुमसरकडे मला नेहमी विचारतात : मटक्यात हरलो की पुढच्या वेळी दुप्पट लावावे, कधीतरी आकडा लागेलच ना?

लागेल, पण तोवर खिसा टिकला पाहिजे. दहांतला एक आकडा धरला, तर सलग दहादा हुकण्याचा संभव शंभरांत सुमारे पस्तीस. रुपयापासून आरंभ केला तर तेवढ्यात १,०२३ रुपये जातात. आणि लागल्यास मिळतात रुपयाला नऊ. म्हणजे सरासरीने रुपयामागे दहा पैशांची छाट! विडीची छाट निदान डोळ्यांना दिसते, तिच्यावर भांडता येते.

एडवर्ड थॉर्प या अमेरिकन गणितज्ञाने १९६२ साली ब्लॅकजॅकमध्ये जुगारखान्यावर मात करण्याची रीत छापली. तिच्यात आपली हार मोजायचीच नाही. मोजायची ती निघून गेलेली पाने. पुन्हा पिसेपर्यंत ती परत येत नाहीत. लहान पाने जाऊन दश्श्या, चित्रे, एक्के अधिक उरले की पारडे खेळणाऱ्याकडे झुकते. तेव्हाच पैसा वाढवायचा. मटक्यात कालच्या आकड्याने आजचे काही कमी होत नाही. मग मोजणार काय?

तरी आकड्यांच्या वह्या मी पाहिल्या आहेत, वर्षावर्षाच्या, सुवाच्य. त्याच माणसाला विचारावे, गेल्या आठवड्यात विड्या किती दिल्यास? तर नोंद नाही.