राज्याचा चषक, शेजारचा देश



रग्बी लीग हा तेरा-तेरा खेळाडूंचा खेळ असून,
चेंडू हाती असलेल्या संघाला सहा वेळा पकडले जाईपर्यंतच
त्यात चढाई करता येते.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड या राज्याच्या रग्बी लीग स्पर्धेत, म्हणजेच क्वीन्सलँड कपमध्ये,
2014 पासून शेजारच्या पापुआ न्यू गिनी देशाचा ‘हंटर्स’ हा संघ खेळू लागला;
आणि हा खेळ त्या देशाचा राष्ट्रीय खेळच मानला जात असल्याने,
तेथे या सहभागाला मोठे मोल होते.

2017 च्या हंगामात, ब्रिस्बेनच्या अंतिम सामन्यात,
अखेरच्या मिनिटांपर्यंत पिछाडीवर असलेल्या हंटर्सने
प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून, म्हणजे ‘ट्राय’ करून,
सनशाइन कोस्ट फाल्कन्सला अवघ्या दोन गुणांनी हरवले.

राज्याचा हा चषक, श्रोतेहो,
प्रथमच ऑस्ट्रेलियाबाहेरच्या संघाने जिंकला.