कासवाला दिवा पुरत नाही, ऊन लागतं

आम्ही मुळशी तालुक्यातल्या नांदे गावच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आमच्या गटात कोंबड्यांची पिलं वाढवण्याचं काम चालतं, त्यामुळे दिवा, ऊब, थंडी यांतलं आपल्याला सगळं कळतं असं आम्हाला वाटायचं. एका कासवानं आमचा तो समज मोडला. ती गोष्ट आज सांगतो.

आमच्यातल्या एका ताईंच्या घरी वास्तुशांतीला भाच्यानं शहरातून एक कासव आणलं होतं. तळहाताएवढं, काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या. स्टार कासव म्हणतात त्याला. कासव घरात असलं की लक्ष्मी टिकते, असं कुणीतरी सांगितलेलं. ताईंनी मायेनं ठेवलं. ओट्याखाली प्लास्टिकचा टब, त्यात थोडं पाणी, खायला टोमॅटो, काकडी, कधी भाकरीचा तुकडा. दोन वर्षं ते तिथंच राहिलं.

मागच्या डिसेंबरात थंडी वाढली. आपल्याकडे पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास येतो, ते तुम्हाला माहीतच आहे. कासवानं खाणं सोडलं, डोळे उघडेना. ताईंनी आम्हाला बोलावलं. आम्ही काय केलं? पिलांना लावतो तसा साठचा बल्ब टबावर टांगला. दुपारपर्यंत ते हललं, मान बाहेर काढली, आम्हाला आनंद झाला. पण एकीनं उचलून पाहिलं तर पाठ बोटाखाली दबत होती. कासवाची पाठ, मैत्रिणींनो! दगडासारखी हवी ती पिकल्या पपईसारखी लागली.

तेव्हाच फोन करायला हवा होता. पण घरातल्या माणसांनी सांगितलं, हे कासव पाळणं गुन्हा आहे, बोललात तर अडकाल. या भीतीपायी आम्ही चार दिवस गप्प बसलो. ते चार दिवस आजही मनाला लागतात. पाचव्या दिवशी ताईच म्हणाल्या, "माझं काय व्हायचं ते होवो, हे माझ्या ओट्याखाली मरायला नको." मग आम्ही वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन लावला.

माणसं आली, नाव-गाव लिहून घेतलं, कासव उपचाराला घेऊन गेली. आमच्यावर गुन्हा नोंदला नाही. सगळीकडे असंच होईल, असं मात्र आम्ही सांगणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं स्टार कासव पकडायला, विकायला, विकत घ्यायला आणि घरात ठेवायला बंदी आहे. म्हणून आधीच आणू नका, आणि घरात असेल तर लपवून दिवस काढू नका.

ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांना आम्ही विचारलं, आमचं चुकलं कुठं? बल्ब तर लावला होता. ते म्हणाले, तुम्ही ऊब दिली, ऊन दिलं नाही.

हा फरक नीट ऐका. कोंबडीचं पिल्लू पंख फुटेपर्यंतच बाहेरची ऊब मागतं. पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. पुढं त्याचं अंग स्वतःच तापतं. कासवाचं अंग जन्मभर स्वतःहून तापत नाही. जेवढी हवा गार तेवढं ते गार. गारठलं की पोटातलं अन्नही पचत नाही. म्हणून ते सकाळी उन्हात बसतं, आणि तापलं की झुडपाखाली जातं.

आणि ऊन म्हणजे नुसती उष्णता नाही. उन्हात डोळ्यांना न दिसणारे किरण असतात. ते अंगावर पडले की कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम हाडात जातं. आपण बाळाला कोवळ्या उन्हात धरतो ना, त्यातलंच हे. कासवाची तर पाठ म्हणजेच हाड. किरण मिळाले नाहीत की पाठ मऊ पडते, वेडीवाकडी वाढते, पाय वाकतात. साध्या बल्बमधून हे किरण येत नाहीत. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हातही ते जवळजवळ राहत नाहीत, काच अडवते. ओट्याखाली तर प्रश्नच नाही.

मग आजारी कासवाला आत ठेवायची वेळ आली तर जाणती माणसं जागा कशी करतात? डॉक्टरांनी सांगितलं ते असं. जागा लांबट असते. एका टोकाला वरून दिवा, त्याच्याखाली ३२ ते ३५ अंश. दुसरं टोक गार, साधारण २५ अंश, आणि तिथं लपायला आडोसा. दोन्ही टोकांना थर्मामीटर, तोही कासवाच्या पाठीच्या उंचीवर. पाहिजे तिकडं कासवानं आपणहून जायचं.

ऊब वरून द्यायची, खालून नाही. ऊन वरून येतं, तीच त्याची सवय. खाली तापती गादी ठेवली तर पोट भाजतं आणि ते जागचं हलत नाही. किरणांसाठी यूव्हीबीची वेगळी ट्यूब असते. तिच्या आणि कासवाच्या मध्ये काच किंवा प्लास्टिक ठेवायचं नाही. सहा महिने ते वर्षभरात तिचे किरण कमी होतात, उजेड मात्र तसाच दिसतो. म्हणून लावल्याची तारीख तिच्यावर लिहितात आणि वेळेवर बदलतात. दिवे साधारण बारा तास, मग अंधार. रात्री ऊब लागलीच तर उजेड न देणारा हीटर, आणि ठरलेल्या अंशाला आपोआप बंद होणारं बटण.

हे ऐकून आमच्यातली एक म्हणाली, "अगं, एवढं तर माझ्या घरात माणसांना नाही!" सगळ्या हसलो. पण खरं तेच. एवढं सगळं करून जे साधायचं, ते माळावरचं ऊन फुकट देतं. हे कासव मूळचं गुजरात-राजस्थानच्या आणि आंध्र, कर्नाटक, तामिळनाडूच्या कोरड्या झुडपी रानातलं. कुणाच्या तरी पिशवीतून ते आपल्या ओट्याखाली येतं.

कासवी नुसत्या नजरेनं पिलं वाढवते असं आपण कीर्तनात ऐकतो. प्रत्यक्षात कासवी मातीत अंडी पुरून निघून जाते आणि पुढची ऊब ऊनच देतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला गावकरी २००२ पासून समुद्रकासवांची अंडी सांभाळतात. तिथंही दिवा लावत नाहीत. अंडी कुंपणातल्या वाळूत पुन्हा पुरतात आणि वाट पाहतात. दीड-दोन महिन्यांत पिलं वर येतात आणि समुद्राकडं जातात.

आता कामाचं. तुमच्या घरी, शेजारी असं कासव असेल तर १९२६ ला फोन करा. आपल्या जवळ बावधनला वन्यप्राण्यांचं उपचार केंद्रही आहे. माणसं येईपर्यंत त्याला दिवसा उघड्या उन्हात ठेवा. अर्ध्या जागेत सावली हवीच, आणि कुत्रं, कावळा, घार यांच्यावर लक्ष ठेवा. टबातलं पाणी काढून उथळ ताटली ठेवा. भाकरी, भात, दूध नको, हराळी किंवा जास्वंदीची पानं द्या. रात्री भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा आणि एका कोपऱ्यात कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा. गवतावर, खोक्यावर बल्ब टांगू नका, आग लागते. कोंबड्यांच्या पिलांनाही दिवा दोरीनं नाही, साखळीनं बांधा आणि खाली जाळी लावा.

आणि आपल्या मनानं ते नदीत सोडू नका. स्टार कासव जमिनीवरचं आहे, पाण्यात बुडतं. कानाजवळ लाल पट्टी असलेलं हिरवं कासव दुकानात मिळतं, ते अमेरिकेतलं. ते पाण्यात जगतं, पण इथल्या कासवांच्या तोंडचा घास काढून घेतं.

आमच्या ताईंचं कासव वाचलं. पाठ आता घट्ट होतेय, पण वाकडी झाली ती सरळ व्हायची नाही, असं कळलं. ताई म्हणतात, "देवळात गाभाऱ्यापुढं दगडाचं कासव आहे, त्याला हात लावून नमस्कार करीन. तेवढं पुरे."

आम्हालाही तेवढं पुरे वाटतं.