शल्यवैद्याचा हात

श्रोतेहो, आमच्या आंबिवलीहून लोकलने निघून, भायखळ्याला उतरून जे. जे. रुग्णालयात जाणाऱ्या रोग्याच्या मनात एक भीती असते : ‘कुणी शिकाऊ डॉक्टर माझ्यावर हात तर बसवणार नाही ना?’ भीती रास्त आहे. पूर्वी विद्यार्थी गुरूशेजारी उभा राहून पाही आणि पुढे रोग्याच्याच देहावर त्याचा हात बसे.

१९९० साली याच रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी पोट न फाडता, दुर्बिणीच्या साहाय्याने पित्ताशय काढले. भारतातली ती पहिलीच तशी शस्त्रक्रिया. बारीक छिद्रांतून लांब दांड्याची हत्यारे घालायची आणि पडद्यावर पाहत काम करायचे. हात उजवीकडे न्यावा, तर हत्याराचे टोक डावीकडे जाते! मुरलेल्या सर्जनांनाही हे नव्याने शिकावे लागले.

त्यासाठी आता सरावाची पेटी असते. झाकणाला भोके, आत कॅमेरा, समोर पडदा. विद्यार्थी तीत वाटाणे उचलतो, टाके घालतो, गाठी मारतो. हात चुकला, तर वाटाणा सांडतो. रक्त सांडत नाही.

ही दृष्टी आपल्याला परकी नाही. सुश्रुतानेही छेद घेण्याचा सराव आधी कोहळ्या-भोपळ्यावर करावा, असे सांगून ठेवले आहे.

मात्र पेटी कण्हत नाही. कुठे थांबावे, हे रोग्यापाशी आणि गुरूपाशीच कळते. म्हणून श्रोतेहो, शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना नि:संकोच विचारा, ‘आपण हे काम किती वेळा केले आहे?’ चांगला डॉक्टर रागावणार नाही.